धुराडं वाढवण्याआधी पागोळी बघा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका डोंबिवलीत राहतात. सासरचं घर राजापूर तालुक्यातल्या एका गावात, जांभ्या चिऱ्याचं, आजेसासऱ्यांनी 1934 च्या सुमारास बांधलेलं. ओटी, माजघर, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून न्हाणी. आता तिथे सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई एकट्याच असतात. त्यांना खोकला आहे, ‘रात्री बसून काढते’ म्हणतात. बारा वर्षांपूर्वी घराला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. आता खालच्या दोन-अडीच फुटांत त्याचे पोपडे सुटतात, आतून रंग फुगतो आणि न्हाणीच्या कोपऱ्यात चिरा नखाने खरवडला तरी भुगा पडतो. वानरांनी कौलं फोडून वात आणला म्हणून चार वर्षांपूर्वी कौलं उतरवून पत्रे घातले, खाली पीव्हीसीचं छत केलं. तेव्हापासून चुलीचा धूर स्वयंपाकघरातच कोंडतो. धुराडं खाली विटांचं, वर सिमेंटचा पाइप. ते छपरातून बाहेर पडतं तिथून पावसात काळं पाणी भिंतीवर ओघळतं. गवंडी म्हणतो, धुराडं चार फूट वाढवा आणि सगळा गिलावा झोडून वॉटरप्रूफिंगचा नवा करा. धाकट्या दिरांना भूकंपाची भीती वाटते, ते म्हणतात, पाडा आणि स्लॅबचं बांधा. पत्रलेखिकेचे प्रश्न तीन: पैसे एकदाच हातात आहेत, ते कशात घालावेत? सासूबाई गॅस असून चूल सोडत नाहीत, धुराने लाकूड टिकतं म्हणतात, त्यांना कसं समजवावं? आणि बाहेरून रंग कोणता द्यावा?

---

तुमचं पत्र वाचताना मी कागदावर फक्त साल लिहून काढले. 1934 ला घर बांधलं. गिलावा होईपर्यंत ते पाऊण शतकाहून अधिक काळ कोकणचा पाऊस खात उभं होतं, आणि तो पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा असतो. मग गिलावा झाला आणि बारा वर्षांत भिंत भुगा व्हायला लागली. पत्रे आणि छत आलं आणि धूर कोंडायला लागला. घर जुनं झालं म्हणून दुखतंय असं तुम्ही, गवंडी आणि दीर, तिघांनीही धरून चाललंय. तुमच्याच तारखा सांगतात की दुखणं अलीकडच्या दोन दुरुस्त्यांपासूनचं आहे. तेव्हा तिसरी दुरुस्ती करण्याआधी जरा थांबू या.

भिंतीपासून सुरुवात करते. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, तासता येतो, आणि हवा लागली की टणक होतो. पण त्याची छिद्रं तशीच राहतात. जमिनीतलं पाणी त्या छिद्रांतून वर चढतं, हे प्रत्येक जुन्या घरात होत आलेलं आहे. जुन्या भिंतीत चिरे मातीत किंवा चुन्यात बसवलेले, दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, चुन्याच्या. चढलेलं पाणी फूटभर वर येऊन बाहेरच्या हवेत उडून जायचं. तुम्ही बाहेरून सिमेंट लावलंत, म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट चढवलात. पाण्याला बाहेर पडायला वाट राहिली नाही, म्हणून ते आणखी वर चढलं, आतल्या बाजूने निघू लागलं आणि तुमचा रंग फुगला. पाण्याबरोबर क्षार येतात. पाणी उडालं की क्षाराचे खडे गिलाव्यामागे, चिऱ्याच्या छिद्रांतच धरतात, फुगतात आणि चिरा आतून फोडतात. न्हाणीच्या कोपऱ्यातला भुगा चाखून बघितलात तर खारट लागेल. वॉटरप्रूफिंगचा नवा गिलावा म्हणजे हाच रेनकोट आणखी जाड. दोन पावसाळे तो छान दिसेल, गवंड्याचे पैसे देऊन होतील, आणि मग ओल अडीच फुटांची साडेतीन फुटांवर जाईल.

पण चुना लावून टाका, एवढं सांगूनही मी सुटत नाही. आधी पाणी कुठून येतंय ते बघायला हवं, आणि ते डोंबिवलीत बसून दिसत नाही, मे महिन्यात गावी जाऊनही दिसत नाही. भर पावसात छत्री घेऊन घराभोवती एक चक्कर मारा. पागोळ्या कुठे पडतात ते बघा. कौलांवरचं पाणी थेंबाथेंबाने गळतं, पत्र्यावरचं धारेने येतं. पत्रे बसवताना वळचण आखूड केली असेल, तर ती धार जोत्याच्या पायथ्याशी आदळते आणि चिखल भिंतीवर दोन फूट उडतो. भिंतीवर मातीचे शिंतोडे कुठवर आहेत आणि पोपडे कुठवर आहेत, हे शेजारी शेजारी ताडून बघा. रेषा एकच निघाली, तर अर्धा आजार सापडला, आणि वळचणीला पन्हळ लावणं हा त्यावर इलाज.

आणखी एक गोष्ट पत्रात लिहिलेली नाही, पण विचारते: खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, कोबा केलाय का, किंवा पेव्हर बसवलेत का? हल्ली गणपतीच्या आधी प्रत्येक घरापुढे हे होतं. शेणाने सारवलेलं खळं पाणी पीत होतं, उरलेलं उताराने गडग्याकडे जात होतं. कोबा बहुतेक वेळा जोत्याची उंची खातो आणि त्याचा उतार घराकडे झालेला असतो. तसं असेल तर भिंतीला लागून हातभर रुंदीचा कोबा फोडा, तिथे चर खणा, जाड खडी भरा आणि चराचं तोंड उताराला न्या. न्हाणीचं सांडपाणी कुठे जातं तेही बघा. भुगा नेमका न्हाणीच्या कोपऱ्यात पडतोय, त्यामुळे माझा पहिला संशय तुटलेल्या मोरीवर आहे.

आतल्या ओलीसाठी एक सोपी परीक्षा आहे. फूटभर चौकोनी प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट बसवा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीच्या बाजूने थेंब धरले तर ओल भिंतीतून येतेय. खोलीच्या बाजूने धरले तर ती खोलीतलीच वाफ आहे, आणि तिला खिडकी उघडणं पुरतं.

हे झाल्यावर गिलावा. तो काढायचाच आहे, पण सगळा एकदम नको. थापी उलटी धरून ठोकत जा. जिथे बद्द आवाज येतो तिथला गिलावा सुटलेला आहे, तो छिन्नी-हातोडीने हळू उतरवा. ब्रेकर मशीन लावू देऊ नका. मातीतल्या दर्जांना तो हादरा सोसत नाही, आणि घट्ट धरलेलं सिमेंट उपसताना चिऱ्याची कातडीही सोलली जाते. जो गिलावा घट्ट आहे आणि वरच्या, कोरड्या भागात आहे, तो राहू द्या. जमिनीपासून तीन-चार फूट मोकळे झाले तरी भिंतीला पुष्कळ श्वास मिळतो. काम दिवाळीनंतर काढा आणि मग काहीही करू नका. भिंत शिमग्यापर्यंत उघडी ठेवा. लोक विचारतील, नावं ठेवतील, ठेवू देत. ती वाळतेय. वाळताना वर पांढरे क्षार येतील, ते कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत भरून लांब टाका. पाण्याने धुतले तर परत आत जातील.

मग चुना. चिऱ्याला आधार देणारा मसाला चिऱ्यापेक्षा मऊ असला पाहिजे, म्हणजे झिजायची पाळी आली तर दर्जा झिजेल, चिरा नाही. दर्जा परत भरता येतात. एक भाग मुरवलेला चुना आणि अडीच ते तीन भाग नदीची चाळलेली वाळू हे साधं प्रमाण. पावसाच्या अंगाला सुरखी, म्हणजे विटांची पूड, घालावी, त्याने चुना ओलीतही धरतो. खाडीची वाळू फुकट मिळते म्हणून आणू नका, तिच्याबरोबर मीठ घरात येतं. वाण्याकडे उघड्या गोणीतली जी फक्की मिळते ती हवेनं मेलेली असते, तिचा उपयोग पट्टे आखण्यापुरता. कळीचा, म्हणजे न विझवलेला, चुना आणून पिंपात विझवा आणि वर पाणी राखून निदान काही आठवडे मुरू द्या. विझवताना चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. तो उकळतो, उडतो, आणि डोळ्यात गेला तर डोळा जातो. चष्मा लावल्याशिवाय गड्याला पिंपाजवळ जाऊ देऊ नका आणि लहान पोरांना त्या दिवशी शेजारी पाठवा.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो, सिमेंटसारखा रात्रीत नाही. भरलेल्या दर्जांवर ओली गोणपाटं टांगून आठ-दहा दिवस पाणी मारत राहावं लागतं. इथेच बहुतेक कामं फसतात, कारण गवंडी चौथ्या दिवशी दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. म्हणून हे काम चौरस फुटाच्या दराने देऊ नका, रोजावर द्या. आणि पाणी मारायचं काम सासूबाईंच्या नजरेखाली असू द्या, त्या कुणाला सोडणार नाहीत.

गवंडी तुमच्या माणसातला असेल, त्याला दुखवायचं नसेल, तर वाद घालू नका. मागच्या भिंतीवर वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरल्याएवढी, जागा त्याला चुन्याने करून दाखवायला सांगा आणि एक पावसाळा जाऊ द्या. गावातलं जुनं देऊळ किंवा विहीर अलीकडे कुणी दुरुस्त केली असेल, तर त्या हाताचा शोध घ्या. जो चिरा पार गेलाय तो काढून तसाच तासलेला दुसरा बसवावा, पण एका वेळी एकच, आणि वरच्याला टेकू देऊन.

आता धुराडं. उंच धुराडं जास्त ओढतं हे खरं आहे, त्यामुळे गवंडी अगदीच चुकीचं बोलत नाही. पण तुमचं धुराडं कालपर्यंत त्याच उंचीवर ओढत होतं. बदललं ते छप्पर. कौलांच्या फटी हेच या घराचं खरं धुराडं होतं. निम्मा धूर पाख्यातून वर झिरपायचा, आणि विटांचं नळकांडं उरलेला निम्मा न्यायचं. पीव्हीसीच्या छताने तो मार्ग बंद झाला, आणि आता सगळा भार त्या एका पाइपावर आलाय.

शिवाय बाहेर जाणाऱ्या धुराइतकी हवा आत यायला हवी. एक दिवस चूल पेटवून मागचं दार आणि खिडकी सताड उघडा, आणि पेटती उदबत्ती चुलीच्या वर, धुराड्याच्या तोंडाशी धरा. तिचा धूर सरळ वर खेचला गेला, तर तुम्हाला नवं धुराडं नको, चुलीजवळ खाली एक झरोका हवा. दारं उघडी असूनही धूर रेंगाळला किंवा तुमच्याच तोंडावर आला, तर आत काजळी कोंदलेली आहे किंवा पाइप अरुंद आहे. तुमच्या वर्णनावरून दोन्ही असावं. खाली विटांचं तोंड चांगलं वीतभर चौकोनी आणि वर तीन-चार इंचांचा पाइप. ऐंशीच्या दशकात सरकारी योजनेतून निर्धूर चुली गावोगाव बसल्या, त्यांना असे पाइप जोडत, तुमचा त्यातलाच असेल. तसा असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असतं. तो कापायचा, घासायचा, फोडायचा नाही. ओला करून अख्खा उतरवायचा आणि पुरायला ग्रामपंचायतीला विचारायचं. त्या जागी आतल्या विटांच्या तोंडाइतकंच रुंद धुराडं वरपर्यंत न्या. ते छपरातून जिथे बाहेर पडतं तिथून निदान तीन फूट वर असावं, आणि आसपासच्या दहा फुटांत आढं असेल तर आढ्यापेक्षा दोन फूट उंच. हे जमलं तर चार फूट वाढवायची गरजच राहणार नाही, किंवा मग वाढवायचं किती ते मोजून ठरेल.

काळं पाणी का ओघळतं? ओली लाकडं, नारळाची सोडणं आणि झावळ्यांची चुडतं जळताना निघणारा डांबरासारखा चिकटा धुराड्याच्या आत धरतो. पावसाचं पाणी पत्रा आणि विटा यांच्यामधल्या फटीतून आत येतं आणि तो धुऊन खाली आणतं. फटीत सिमेंट थापलेलं असेल, ते पत्रा उन्हात हलतो म्हणून दर उन्हाळ्यात सुटतं. पत्र्याची पट्टी धुराड्याच्या चारी अंगांनी वर वळवून तिचं टोक विटांच्या सांध्यात खोचायचं आणि सांधा चुन्याने भरायचा, हा त्यावर इलाज. उताराच्या वरच्या बाजूला पाणी साचतं, तिथली पट्टी रुंद घ्या.

एका बाबतीत मात्र उशीर नको. तो चिकटा पेटतो. धुराड्यात आग लागली की विटा तापतात, आणि तुमचं पीव्हीसीचं छत त्याच विटांना चिकटून आहे. छत धुराड्यापासून चारी बाजूंनी दीड वीत मागे कापा आणि मधली जागा पत्र्याने झाका. माळ्यावर चढून एखादा वासा किंवा रीप विटांत घुसलेली नाही ना तेही बघून घ्या. बाकी सगळं पुढच्या वर्षावर गेलं तरी चालेल, हे या महिन्यात करा. धुराडं वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि दिवाळीला, लांब काठीला काथ्याचा जुडगा बांधून साफ करायचं. लाकडं मेमध्येच फोडून कोरडी रचून ठेवायची.

सासूबाईंना समजवायचं कसं, असं विचारलंय. आधी त्यांना विचारा की चुलीवर त्या नक्की काय करतात. स्वयंपाक, की आंघोळीचं पाणी, की फणसाच्या आठळ्या भाजणं? बहुतेक घरांत चुलीचा मोठा भाग पाण्यासाठी जातो. जळण आवारातलं, फुकटचं, आणि सिलेंडर आणायला रिक्षा करावी लागते, मग त्या हिशेबाने वागतात यात हट्ट कुठे आहे? पाणचूल बाहेर पडवीत हलवली तर घरातला निम्मा-अधिक धूर तिथेच कमी होईल आणि त्यांची चूलही शाबूत राहील. घावणे कशावर घालायचे ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. खोकल्याचं मात्र धुराड्यावर ढकलू नका. चुलीच्या धुराने वर्षानुवर्षांत फुप्फुसं कायमची आखडतात. पत्रात जाता जाता लिहिलंय तुम्ही, पण ‘रात्री बसून काढते’ हे वाक्य माझ्या डोळ्यांत भरलं. त्यांना आधी डॉक्टरकडे न्या, गवंडी नंतर.

आणि धुराने लाकूड टिकतं, ही त्यांची बाजू अर्धी खरी आहे. उबेने आणि काजळीने वासे कोरडे राहत, भुंगा कमी लागे. वाळवी मात्र जमिनीतून भिंतीच्या मातीतून येते, तिला धुराची पर्वा नसते. वर्षाआड वाशांना काजूच्या टरफलांचं तेल लावा, हातमोजे घालून, कारण ते कातडी जाळतं. धुराड्याच्या जवळपास ते नको, पेट घेतं.

दिरांच्या म्हणण्यावर तुम्ही चिडलेल्या दिसता. त्यांची भीती मला पोरकट वाटत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि धाब्याच्या, म्हणजे मातीच्या जाड छपराच्या, ओझ्याखाली गेली, आणि कोयनेचा 1967 चा धक्का तुमच्या सासूबाईंना आठवत असेल. तासलेल्या चिऱ्याचा बांध त्या ओबडधोबड दगडांपेक्षा बरा आणि पत्र्याचं छप्पर हलकं, पण भिंत ओळंब्यात आहे का हे कुणीतरी बघायला हवं. भेगांवर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने चिकटवा, तारीख लिहा. पावसाळ्यानंतर काच तडकली तर भिंत हलतेय, मग गवंड्याला बाजूला ठेवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तो पाडा म्हणाला तर पाडावं लागेल. याच भिंतींवर स्लॅब टाकू, असा मधला मार्ग कुणी सुचवला तर मात्र उठून जा. घर सामाईक आहे, त्यामुळे खर्च कुणाचा आणि काम कोणतं हे दोघा भावांनी कागदावर लिहून सह्या कराव्यात, आणि ग्रामपंचायतीला दुरुस्तीचं कळवावं. दीर गणपतीला येतातच. मूर्ती आणायला निघण्याआधी त्यांना पागोळ्या दाखवा.

तुमचे पैसे मी या क्रमाने घालीन: छत मागे कापणं आणि धुराड्याची सफाई, मग पन्हळ, चर आणि मोरी, मग धुराड्याची पट्टी आणि वरचा भाग, आणि शेवटी भिंत. पन्हळ आणि चर झाल्यावर एक पावसाळा गेला की भिंतीचं काम तुम्हाला आज वाटतंय त्याहून कमी निघेल असा माझा अंदाज आहे.

रंगाचं विचारलंत. बाजारातला कुठलाही बाहेरचा प्लॅस्टिक रंग नको, तोही भिंतीचं तोंड बंद करतो. चुन्याची सफेदी, रंग हवा असेल तर त्यात काव, म्हणजे तांबडी माती, पातळ करून तीन हात. हाताला थोडा लागतो, कपड्यांना लागतो, आणि वर्षाआड द्यावा लागतो.